समुद्राला सावरगाव नसतं

"अन् बकरी कोण पाहीन?" लीलाबाईंनी विचारलं, आणि अंदमान जिथल्या तिथे अडलं.

तोवर सगळं झकास चाललं होतं. रविवारची सकाळ होती. सुप्रिया पहिल्या गाडीने नागपूरहून पांढुर्ण्याला आली होती आणि जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर सगळा बेत लिहून घेऊन आली होती. जानेवारीचा दुसरा आठवडा. नागपूरहून चेन्नई, तिथून अंदमान, तेही विमानाने. पाच दिवस. नारळाची झाडं, पांढरी वाळू, तळाला काच बसवलेली होडी. दवाखान्यातल्या नोकरीत सलग आठ दिवसांची सुट्टी तिला पहिल्यांदाच मिळत होती. तिच्या भावाने, राहुलने, ऐन हंगामात कापसाच्या जिनिंगच्या मालकाला कसं पटवलं हे त्याचं त्यालाच ठाऊक. काळा चष्मा मात्र त्याने आतापासूनच आणला होता आणि घरातही तो घालून दोनदा उंबऱ्याला ठेचकाळला होता.

"विमानात ठेचा नेऊ देते का?" हा लीलाबाईंचा पहिला प्रश्न होता.

"मोठ्या बॅगेत टाक आई. हातात नको घेऊ."

"अन् जवारीचं पीठ? तिथं भाकर नाही भेटली तं?"

"पाच दिवस भात खाजो ना वं!"

लीलाबाई पाच दिवस भात खायलाही तयार झाल्या, म्हणजे बेत किती पक्का होता ते समजा. आणि मग त्यांना बकरी आठवली. गाभण होती, आणि हिशेबाने नेमकी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात विणार होती. राहुलने शेजारच्या मीनाकाकूचं नाव सुचवलं, तर तिच्याकडे कुत्रं होतं. वाडीवरच्या मित्राचं सुचवलं, तर तो संत्र्याच्या तोडणीत गुंतलेला. लीलाबाईंनी एकेक नाव मोडीत काढलं आणि अगदी सरळ मनाने म्हणाल्या,

"तुह्या बाबानं तं समुद्र पाहेला आहे. ते राहतीन घरी. त्याइच्या जागी नलिनीले नेऊ. माही बहीण बिचारी, मोहगावच्या बाहेरचं काही पाहेलं नाही तिनं."

यात वाकडं काहीच नव्हतं. श्रावणराव हे राहणारेच माणूस होते. पस्तीस वर्षं ते शाळेत चपराशी होते. शाळेची सहल निघाली की शाळा राखायला तेच राहायचे. वऱ्हाड निघालं की घर राखायला तेच. "राहतो म्या" हे दोन शब्द त्यांच्या तोंडात इतके बसले होते की कुणी विचारायच्या आधीच बाहेर पडायचे. आणि समुद्राचं म्हणाल तर पांढुर्ण्यातल्या त्या वस्तीत समुद्रावर श्रावणरावांइतका अधिकार कुणाचाच नव्हता.

एक्क्याण्णव साली, सहा डिसेंबरला, वस्तीतली सतरा माणसं चैत्यभूमीला गेली होती. त्यांत सत्तावीस वर्षांचे श्रावणराव होते. परत आल्यावर त्यांनी समुद्राचं जे वर्णन केलं, ते ऐकत दोन पिढ्या जेवल्या. जाम नदीला पूर आला म्हणजे पाणी कसं गढूळ, फुगलेलं जातं? तसाच समुद्र उजवीकडून डावीकडे धडधडत वाहतो, फक्त शंभर पटीने मोठा. "अन् जामले कितीबी पूर येवो, पलीकडं सावरगाव दिसते का नाही? समुद्राले सावरगावच नाही!" इथे ते हात पसरून थांबायचे, आणि लेकरांचे घास हातात राहायचे.

सुप्रियाने पेन उघडलं. आज नावं पाठवली नाहीत तर विमानाची स्वस्तातली तिकिटं जाणार होती.

"बाबा, तुमी सांगा. चौथं नाव तुमचं लिहू का मावशीचं?" ती वडिलांकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली.

"नलिनीचं लिहून टाक," श्रावणराव म्हणाले. "राहतो म्या." आणि उठून अंगणात गेले.

बकरीपुढे त्यांनी बोरीचा पाला टाकला. ती निवांत खाऊ लागली. तिच्या पाठीवर हात ठेवून श्रावणराव उभे राहिले आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला जायचं आहे. लहान पोराने जत्रेसाठी भोकाड पसरावं तसं काहीतरी करावंसं वाटत होतं, पण एकसष्टाव्या वर्षी अंगणात ते शोभलं नसतं. आत लीलाबाई नलिनीला कोणतं लुगडं घ्यायला सांगायचं ते बोलत होत्या. श्रावणरावांनी हात झटकले आणि आत गेले.

"सुप्रिया, थांब. ते नाव नको लिहू."

सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"म्या समुद्र पाहेला नाही."

"काय म्हणून राहिले तुमी?" लीलाबाई म्हणाल्या.

"नाही पाहेला. दादरच्या मैदानात उतरलो आमी. लाइन कोसभर. सामान घेऊन कोणी जाऊ देत नव्हतं, अन् त्यात देवकाबाईले ताप भरला. कोणीतरी थांबा, म्हणे. म्या म्हटलं, राहतो म्या. मले वाटलं, हे येतीन, मंग म्या जाईन. ते आले दुसऱ्या रोजी सकाळी. तवा गाडीची वेळ झाली होती. अभिवादन केलं म्या. मैदानातूनच, तिकडं तोंड करून. ते खोटं नाही. पण समुद्र काही दिसला नाही. घरी आलो तं समदे विचारे, समुद्र पाहेला का? म्या एकडाव हो म्हटलं. मंग मागं येताच नाही आलं."

राहुलने काळा चष्मा काढला.

"मतलब... समुद्र वाहत नाही?"

"नाही बे," सुप्रिया म्हणाली. "जागेवरच राहते. येते अन् जाते. गोव्याले गेली होती ना म्या, तवाच समजलं मले." मग वडिलांना हळूच म्हणाली, "तवाचाच हा बेत आहे, बाबा. तुमच्याचसाठी."

"अबे, म्या जिनिंगमधे शर्त लावली होती!" राहुल ओरडला. "दहा लोकाइसमोर! उजवीकडून डावीकडं म्हणून!"

सुप्रियाला हसू आवरेना. श्रावणरावही ओशाळून हसू लागले. लीलाबाई हसत नव्हत्या. त्या नवऱ्याकडे बघत होत्या, आणि त्यांना राग आला होता, खराखुरा.

"चौतीस वर्ष म्या बाया-बायाइत सांगून राहिली, माह्या मालकानं समुद्र पाहेला म्हणून. आज तुमाले घरी ठेवून बहिणीले नेत होती म्या! अन् तुमी खुशाल राहतो म्या, राहतो म्या! तोंडात जीभ नाही का तुमच्या?" बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला, आणि त्यांनी पदराने नाक पुसून लेकीकडे तोंड फिरवलं. "लिही याइचं नाव. पयलं लिही. माह्या आंधी. नलिनीले दुसऱ्या बारीले नेऊ."

सुप्रियाने लिहिलं. पण बकरी होती तिथेच होती, आणि तिला अंदमानचं तिकीट कुणी देत नव्हतं.

तेवढ्यात दारातून "जय भीम" ऐकू आलं. काठी टेकत हिरामण आत आला. हा श्रावणरावांचा लहानपणापासूनचा दोस्त, आणि त्या सतरा जणांतला एक. वस्तीत समुद्रावरचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकार त्याचा.

"काय बाप्पा, विमानानं चालले म्हणे?" तो खाटेवर टेकत म्हणाला. "बराबर आहे. श्रावण संगं असला म्हणजे समुद्राचं काही टेन्शन नाही."

लीलाबाईंनी पटकन नवऱ्याकडे पाहिलं. घरातली गोष्ट घरात ठेवता आली असती. पण श्रावणरावांना आता सुटल्यासारखं वाटत होतं.

"हिरामण, म्या नव्हता पाहेला समुद्र. तुमी समदे गेले तवा म्या सामानापाशीच होतो. तुमी आल्यावर म्या म्हटलं, मधात जाऊन आलो. खोटं होतं ते."

हिरामणने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग परत पहिल्या हातात.

"म्या बी नाही पाहेला," तो म्हणाला.

"आँ? तू तं लाइनीत होता!"

"होतो ना. लाइन सरकेतवर रात झाली. गर्दीनं ढकलत आत नेलं अन् ढकलतच बाहेर आणलं. एका बाजूनं नुसता आवाज येत होता. कोणीतरी म्हणे, तो समुद्र. अंधारात काय दिसते कप्पाळ?"

"मंग तू इतके वर्ष सांगत होता ते?"

"तुह्याच तोंडचं. तू म्हणे उजवीकडून डावीकडं वाहते, म्या बी तेच सांगो. म्हटलं, यानं उजेडात पाहेला असन."

दोघे म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले आणि मग असे हसले की हिरामणला ठसका लागला. लीलाबाईंनी पाणी आणलं आणि त्याही आता हसत होत्या. अख्ख्या वस्तीत एवढी वर्षं जो समुद्र वाहत होता, तो या दोघांनी मिळून सोडला होता. राहुल तेवढा गंभीर होता. शर्त त्याची गेली होती.

चहा झाला. हिरामणने बकरीकडे पाहिलं. सगळ्यांची अडचण त्याला न सांगताच समजली असावी.

"बकरी माह्याकडं राहीन. आजच नेतो, मंजे जानेवारीपर्यंत तिले घर सवयीचं होईन."

"तुमी बी चला ना काका," सुप्रिया म्हणाली.

"माहे गुडघे विहारापर्यंत नेते मले, बाई. तेवढं पुरते." त्याने सहज सांगितलं आणि श्रावणरावांच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. "तू नीट पाहून ये. अन् अंधार पडाच्या आंधी पाह्यजो."

श्रावणरावांनी मान हलवली.

बकरी मात्र हलायला तयार नव्हती. शेवटी हिरामण पुढे दावं धरून आणि श्रावणराव मागून ढकलत, अशी वरात गल्लीत निघाली. शेजारची मीना ओट्यावर तूर पाखडत होती.

"काय भाऊ, बकरी विकून राहिले का?"

"नाही वं. समुद्र पाहाले चाललो जानेवारीत. म्हणून हिरामणकडं ठेवतो."

"अजून कायले? तुमी तं पाहेला ना समुद्र?"

श्रावणराव थांबले. एक हात बकरीच्या पाठीवर ठेवून ते सरळ उभे राहिले.

"नाही," ते साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "पह्यल्यांदाच चाललो."