बाबांच्या अंगठ्याचे ठोके

"थांबली! नाडी थांबली!"

विश्रांतवाडीच्या मंगल कार्यालयात एकच गलका उडाला. व्यासपीठावर स्पंदनबाबा ताठ बसलेले, अंगावर शाल, गळ्यात लिंबांची माळ. कोरोनापासून घरोघरी असलेलं ऑक्सिजन मोजायचं यंत्र भक्तांनी त्यांच्या बोटाला लावलं होतं. त्यावर नुसत्या रेघा!

"हृदय आमचा नोकर आहे," बाबा मंद हसले. "थांब म्हटलं की थांबतं."

हृदय थांबलेला माणूस इतकं बोलतो कसा, हे कुणालाच खटकलं नाही.

माझ्या जिवाची मात्र घालमेल चालली होती. माझी बहीण यमुना खुब्याचं हाड मोडून इस्पितळात पडली होती. हृदय आधीच अधू. भूल देण्यात जोखीम आहे, पण तिला नुसतं झोपवून ठेवण्यात त्याहून मोठी, असं भूलतज्ज्ञ डॉक्टर कल्याणींनी स्पष्ट सांगितलं होतं. 'जोखीम' ऐकताच भाच्यानं, दिग्विजयनं, शस्त्रक्रियाच थांबवली.

"मामा, डॉक्टर गॅरंटी देत नाहीत. बाबा देतात!"

म्हणून मी डॉक्टरांनाच इथे घेऊन आलो होतो. त्या दर्शनाच्या रांगेतून पुढे गेल्या आणि बाबांच्या पायाशी वाकल्या. दिग्विजयनं माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. मला संतापच आला.

"बाई, पायाला काय लावताय?" बाबा दचकले.

"तुमचंच यंत्र, भक्तांनी काढून ठेवलेलं. बोटावर आकडे येत नव्हते ना?"

पायाच्या अंगठ्याला लावलेल्या यंत्रावर आकडे उमटले. ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव, ठोके एकशे दहा.

"हृदय थांबलंय, तर अंगठ्यापर्यंत रक्त कोण पोचवतंय?" डॉक्टर म्हणाल्या. "आपण जरा हात वर करता का?"

"समाधीत हात हलवत नाहीत."

"बोलतात मात्र!" मागून कुणीतरी म्हणालं.

दिग्विजय पुढे झाला. त्यानं बाबांचे दोन्ही हात धरून वर उचलले. शालीतून दोन लिंबं टपटप खाली पडली. काखेत कळसा म्हणतात, इथे लिंबं निघाली.

"काखेत लिंबू दाबलं की हाताची रक्तवाहिनी दबते," डॉक्टरांनी सांगितलं. "मनगटाला नाडी लागत नाही. हृदय आपलं चालूच असतं. असं फार वेळ दाबलं तर हाताला इजा होते, घरी करू नका."

दिग्विजयचा चेहरा उतरला. "डॉक्टर, तुम्ही तरी गॅरंटी द्या."

"नाही देणार. औषध बेताबेतानं देईन, शेवटपर्यंत उशाशी थांबेन. हृदय डळमळलं तर काय करायचं, याची तयारी आधीच केलेली असेल."

दुसऱ्या दिवशी त्या थिएटरबाहेर आल्या तेव्हा दमलेल्या होत्या. "मध्ये रक्तदाब खूप खाली गेला होता. सावरला. पाणी मागतायत आई."

दिग्विजय भिंतीला टेकून रडला. मीही रडलो, लपवत नाही.

मंडळी, जोखीम सांगणाऱ्याला घाबरू नका. जोखीमच नाही म्हणणाऱ्याला आधी हात वर करायला सांगा.