पामाचं कलम

चार लोकांत "नर्सरीत माझाही वाटा आहे" असं धाकटी बोलून गेली, आणि दुसऱ्याच दिवशी म्हाताऱ्यानं दोन्ही लेकींना शेडमध्ये बोलावलं. थोरलीपुढे वीस गुलाब ठेवले, धाकटीपुढे वीस पाम.

"महिन्याभरात जिची कलमं जास्त धरतील, तिची नर्सरी. नंतर रडारड नको."

धाकटीला आभाळ ठेंगणं झालं. बापानं तिला आजवर कुंड्या उचलायला तेवढं हाताशी धरलं होतं. आज तो तिला थोरलीच्या बरोबरीनं मोजत होता. लाल पामाचे शेंडे तिनं हिरव्या पामाच्या बुंध्यांवर जिवापाड जपून बसवले, वरून पट्टी गुंडाळली. आठवड्यात शेंड्यांनी माना टाकल्या.

"ताई, माझं काय चुकतंय गं?"

"पट्टी सैल पडतेय तुझी. अजून आवळ."

ती वेडी, बोटं सोलवटेपर्यंत पट्टी आवळत राहिली. कामगार तोंडाला रुमाल लावून फिरत. हिला वाटे, खताचा वास येत असेल.

विसावा शेंडा वाळला तेव्हा तिनं जोड आडवा कापून बापाच्या भिंगाखाली धरला. शेजारी ताईच्या गुलाबाची काडी कापून ठेवली. गुलाबाच्या सालीखाली ओलसर, निसरड्या थराचं अख्खं कडं होतं. ताईचे जोड तिथंच सांधले होते. पामात ना साल, ना कडं. शाई शिंतडावी तसे नुसते ठिपके, जिकडेतिकडे विखुरलेले. सांधायला काही नव्हतंच.

दोन्ही तुकडे घेऊन ती बापासमोर उभी राहिली. "बाबा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"ऊस, बांबू, पाम, यांचं कलम होत नाही. थोरलीला दहाव्या वर्षी याच टेबलावर कापून दाखवलं होतं मी."

"आणि मला?"

"कुंड्या उचलायला ते कशाला लागतं?"

"मग हा खेळ कशाला मांडलात?"

"वाटा मागत होतीस ना? आता कुठल्या तोंडानं मागशील?"

थोरली दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं बहिणीकडे पाहिलंसुद्धा नाही. "ते वाळलेले पाम आजच्या आज फेक. माझ्या गुलाबांना जागा हवीय."

दोघांचे गळे धरावेत इतका संताप धाकटीला आला. मग ती वाकली आणि पहिली कुंडी उचलली, कारण तिला दुसरं काही कुणी शिकवलंच नव्हतं.