म्हाळूची चुंबळ

"जोडी कुठंय बे तुझी?" बंकट मुकादमानं विचारलं.

म्हाळूची बायको बायनाबाई वारून वर्ष होत आलं होतं आणि बंकटला ते चांगलं ठाऊक होतं. पण मुकादमाची जीभच ती! ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा. यंदा ऊसच जळाला, सहकारी कारखान्याचं धुराडं थंड पडलं आणि सगळे कोयते बीडच्या रेल्वेच्या भरावावर आले. येताना ही मोजणीही घेऊन आले. मोठा भराव यंत्रांनी केला होता, पण मोरीजवळची माती माणसांनीच टाकायची होती. गड्यानं पाटी भरायची, बाईनं वाहायची.

"ही चकलांब्याची सुंदरबाई. हीबी एकलीच हाय. दोघं मिळून करा, न्हाईतर वापस जा."

सुंदरबाई खाली बघत म्हणाली, "भाऊ, मी पाट्या भरीन. पर डोक्यावर न्हाई घेता येत. मोळ्या वाहून वाहून मान गेली."

रिकाम्या घरी परतून करायचं तरी काय? म्हाळूनं डोक्याचा रुमाल सोडला, पिळून पाटीखाली घ्यायला त्याची चुंबळ केली. ती धड बसेना. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"म्हाळूदाजी, लुगडं आणू का?" एकीनं विचारलंच.

सुंदरबाईनं पाटी भरली, हात लावून त्याच्या डोक्यावर दिली. चढावर त्याची मान लटलटायला लागली, डोळ्यांपुढं अंधारी आली. तो अर्ध्यातच थांबला.

बायनाही अशीच थांबायची. डोक्यावर उसाची मोळी आणि पायाखाली ट्रकला लावलेली अरुंद फळी. वर ट्रकमध्ये ऊस रचत हा ओरडायचा, "कावून थांबलीस? चल की!" मोळ्या हाच बांधायचा. खेपा वाचाव्यात म्हणून चार ऊस जास्तच घालायचा. "लई जड हाय ओ," ती एकदा म्हणाली, तर हा हसला होता. शेवटच्या वेळीही ती अशीच थांबली आणि मोळीसकट खाली गेली. उभ्या जन्मात म्हाळूनं एक मोळी आपल्या डोक्यावर घेऊन पाहिली नव्हती. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

माती टाकून तो खाली आला. त्याचं तोंड बघून सुंदरबाईनं हळूच विचारलं, "भाऊ, निम्मी भरू का?"

"न्हाई," म्हाळू म्हणाला. "पुरी भर. वर आनखी दोन खोरी टाक."

तिनं टाकली. म्हाळू पाटीखाली वाकला.