काळ्या कोपऱ्याचा टीव्ही

मायरनच्या घरी नवा टीव्ही आला असता, तर खरा फायदा त्याच्या मेव्हण्याचा, वेसचा, झाला असता. जुना टीव्ही तळ्याकाठच्या केबिनसाठी वेसला फुकट मिळणार होता. म्हणून कॅनडातल्या मॅनिटोबाचा अख्खा हिवाळा वेस बहिणीकडे येऊन तिच्या हातच्या पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, खात होता आणि टीव्हीची नाडी बघत होता.

"आठ वर्षं झाली, मायरन. म्हातारा झालाय तो. दुरुस्तीत कसले पैसे घालतोस?"

"वरचा एक कोपराच काळा पडलाय."

"स्कोअर त्याच कोपऱ्यात दिसतो, बाबा."

मायरनच्या बायकोला, लॉर्नाला, हे पटलं. तिने पैसेही बाजूला काढले. पण एप्रिलमध्ये हॉकीची बाद फेरी सुरू झाली आणि आमचा संघ जिंकतच सुटला. अशा वेळी नशीब फिरू नये म्हणून आमच्याकडे कोणी दाढी करत नाही, की बसायची जागा बदलत नाही. मी शेजारी, तरी त्यांच्या मोडक्या खुर्चीतून हललो नाही. आणि हे सगळं सर्वांत जास्त मानणारा वेस. लॉर्ना फोनवर बघून स्कोअर सांगायची, आम्ही काळ्या कोपऱ्याकडे बघून ओरडायचो.

उपांत्य फेरीच्या निर्णायक सामन्याच्या सकाळी टीव्ही सुरूच होईना.

"सुटले बाई," लॉर्ना म्हणाली. "दुपारी नवा आणते. वेस, हा उचल आणि जा तुझ्या केबिनवर."

एवढ्या दाढीतही वेस पांढरा पडलेला दिसला. "आज? अगं, सामना संपेपर्यंत तरी दम धर."

"म्हातारा झालाय ना तो?"

"म्हातारा झाला म्हणून लगेच घराबाहेर काढायचा?"

त्याने स्वतःच टीव्ही दुरुस्त करणाऱ्या ग्वेनला बोलावलं. तिने मागचं झाकण उघडलं. "वीजपुरवठ्याचा बोर्ड गेलाय. आहे माझ्याकडे. उघडलाच आहे, तर दिव्यांची पट्टीही बदलते. कोपरा उजळेल."

"कोपऱ्याला हात लावायचा नाही," वेस म्हणाला.

ग्वेनने सगळ्यांकडे पाहिलं. "माझं गिऱ्हाईक नक्की कोण?"

"जो पैसे देईल तो," लॉर्ना म्हणाली.

वेसने पाकीट काढलं.

रात्री आम्ही एका गोलने हरलो. मायरनने टीव्ही बंद केला. मग वेस म्हणाला, "पट्टी बदलायलाच हवी होती."

तो टीव्ही पुढे आणखी चार हिवाळे चालला. लॉर्नाने बाजूला काढलेल्या पैशांतून भांडी धुण्याचं यंत्र आणलं. टीव्हीवर मायरनचा एक सेंटही गेला नाही. हंगाम संपल्यावर मला बरी खुर्ची मिळाली. दुरुस्तीचे पैसे वेसचे, आणि केबिनची भिंत अजून रिकामी.