बूता गसांतचं अक्षर

"आंटी, थट्टा करताय का गरिबाची? ही तर बॉलपेनातली स्प्रिंग!"

रिदवानने ती वर निमुळती होत गेलेली स्प्रिंग दोन बोटांत धरून उन्हात फिरवली आणि टेबलावर टाकली. शेजारी त्याने स्वतः आणलेला खोका उघडा होता. त्यात एकीच्या पोटात दुसरी अशा दुहेरी स्प्रिंगा होत्या. सोळा जोड्या, खास परदेशातून मागवलेल्या.

"बॉलपेनातली तर बॉलपेनातली," मयमुना म्हणाली. "तुझ्या इंजिनाला हीच लागेल."

"मला मिनिटाला आठ हजार आठशे फेरे घ्यायचेत. स्प्रिंग कमजोर असली की व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही, आणि खालून पिस्टन येऊन त्याच्या कानाखाली आवाज काढतो. शेंबड्या पोरालाही कळतं हे."

"शेंबड्या पोराला एवढंच कळतं. तुझी ही जाडजूड जोडी मी मोजली. कॅमच्या फिरत्या उंचवट्याने पूर्ण दाबली की वेटोळ्यांत अर्धा मिलिमीटरसुद्धा जागा उरत नाही. लोखंडावर लोखंड आदळणार. मग एकतर स्प्रिंग मोडेल, नाहीतर कॅम झिजून सपाट होईल. माझी स्प्रिंग हलकी, तिच्या डोक्यावरची टोपी हलकी. ओढायचं ओझंच कमी, तर जोर कशाला हवा जास्त?"

रिदवानने मान हलवली. ऐकून घेणाऱ्याची नव्हे, तर सोसून घेणाऱ्याची.

"बूता असता तर..." तो म्हणाला.

दोन महिन्यांत हे वाक्य मयमुनाने इतक्यांदा ऐकलं होतं, की आता त्याची चीड यायचाही कंटाळा आला होता.

गसांत म्हणजे तिचा नवरा; सगळे त्याला बूता, म्हणजे दादा, म्हणत. हॅनोव्हर पार्क वस्तीतल्या या परसात त्याने बावीस वर्षं शर्यतीच्या गाड्यांची हेडं, म्हणजे इंजिनांचे व्हॉल्व्हवाले माथे, बनवली. हवेच्या वाटा कोरून काढण्यात त्याचा हात सोन्याचा होता, हे मयमुना कधीच नाकारणार नाही. पण स्प्रिंगा मोजायचं नाव काढलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. ते काम तिचं. ती एकेक स्प्रिंग दाबयंत्रात धरायची, मिटलेल्या उंचीला किती किलो आणि उघडलेल्या उंचीला किती, ते काट्यावर पाहायची, सारख्या जोराच्या सोळा निवडायची. एखादी कमी भरली तर तिच्याखाली पातळ चकती घालायची. मग चिठ्ठी लिहून हेडाला बांधायची. गसांत ते हेड खांद्यावर घेऊन फाटकापर्यंत जायचा आणि पुरुष माणसं त्याच्याशी हस्तांदोलन करायची. स्वयंपाकघराच्या दाराशी कोण बसलंय, हे विचारायला कोणी थांबलं नाही. आणि खरं सांगायचं तर तिनेही कधी उठून सांगितलं नाही.

आता गसांत नव्हता. गिऱ्हाइकं पांगली होती. नवऱ्यामागच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस संपले की सगळी यंत्रं मोडीत काढायची, असं दिराने ठरवूनही टाकलं होतं. रिदवानचं हेड हे शेवटचं. ते गेलं की मयमुनाच्या हातातलं कामच गेलं.

आणि रिदवान हेड उचलायला वाकला होता.

सोबतीला म्हणून भिंतीशी खुर्ची टाकून बसलेल्या सासूने वाटाणे सोलणं थांबवलं. "जाऊ दे गं. जित्याचं कोण ऐकतंय?" ती पुटपुटली. "मेल्याने सांगायला हवं."

मयमुना आत गेली. वहीचं पान फाडून नेहमीसारखी चिठ्ठी लिहिली: निमुळती स्प्रिंग, मिटताना छत्तीस किलो, उघडताना शहाऐंशी, सातव्या आणि अकराव्या खाली चकती. बाहेर येऊन तिने ती रिदवानच्या हातात दिली.

रिदवानने वाचली. पुन्हा वाचली. त्याचा चेहराच पालटला.

"अहो, हे तर बूताचं अक्षर! हा सात तर मी झोपेतही ओळखेन!" त्याने चिठ्ठी कपाळाला लावली. "त्याने माझं हेड आधीच बघून ठेवलं होतं? मग एवढी डोकेफोड कशाला केलीत आंटी? आधीच नाही का द्यायची?"

मयमुनाने तोंड उघडलं. हेड अजून त्याच्या पायाशी होतं.

"आत होती," ती म्हणाली.

"बसवा. ह्याच बसवा. माझा खोका गेला खड्ड्यात."

शनिवारी किलार्नीच्या ट्रॅकवर शर्यत होती. इद्दतीतल्या बाईला फाटक ओलांडायचं नव्हतं, म्हणून रिदवानने भावाकरवी फोन चालू ठेवला होता. मयमुना परसात उभी राहून ऐकत होती. इंजिनाचा आवाज चढत गेला. स्प्रिंग हरली तर आवाज एका जागी फाटतो, तोतरा होतो. ती जागा आली. तिने डोळे मिटले. आवाज तसाच, सुतासारखा सरळ, वर निघून गेला. मग फोनमध्ये आरडाओरडा झाला आणि कोणीतरी ओरडलं, "बूता कबरीतून इंजिनं बांधतोय रे!"

तिने फोन बंद केला. आनंद झाला होता, आणि तो कोणाला सांगायची सोय नव्हती.

रविवारी सकाळी रिदवान पाकातल्या गरम कुक्सिस्टरांची, गोड वड्यांची ताटली घेऊन आला. चिठ्ठी त्याने प्लास्टिकमध्ये घालून खिशात ठेवली होती.

"अजून दोघं हेडं घेऊन येतायत, आंटी. बूताच्या आणखी चिठ्ठ्या असतील ना? तुम्ही फक्त शोधून द्या."

"रिदवान, ती चिठ्ठी मी लिहिली," मयमुना म्हणाली. "त्याच दिवशी, आत जाऊन. सगळ्याच मी लिहिल्या. स्प्रिंगाही मीच निवडायचे."

रिदवानचे डोळे मऊ झाले. मयताच्या घरी माणसं जसं बघतात तसा तो तिच्याकडे बघू लागला. "होतं असं. बाबा गेल्यावर आमची आईसुद्धा काहीबाही बोलायची."

मयमुनाने टेबलावरची पेन्सिल घेतली आणि त्याच्यासमोर तीच ओळ लिहिली, सातासकट. रिदवानने दोन्ही कागद शेजारी धरले. बराच वेळ पाहिले.

"कमाल आहे! हुबेहूब," तो म्हणाला. "बूताने किती छान शिकवलंय तुम्हाला!"

"माझ्या गसांतला सही सोडून काही लिहिता येत नव्हतं, बाबा," सासू भिंतीशी बसून म्हणाली. पोराची ही गोष्ट तिने आजवर कोणापाशी बोलून दाखवली नव्हती. सुनेपाशीसुद्धा.

"मा पण ना!" रिदवान खो खो हसला, दोघींना सलाम करून निघून गेला. जाताना दोन्ही कागद घेऊन गेला.

मयमुनाने ताटली सासूपुढे सरकवली.

"त्याने ऐकलं नाही गं," सासू म्हणाली.

"मी ऐकलं, मा."

पेन्सिलीचं टोक बोथट झालं होतं. मयमुनाने ते सुरीने नीट तासलं आणि पहिली स्प्रिंग यंत्रात धरली.