दोनदा जोडलेली किटली

बसा, जरा सरकून बसा. एका म्हाताऱ्या ऑपरेटरची गोष्ट सांगतो. मान खाली घालायला लावणारी आहे, पण सांगितलीच पाहिजे.

ऑपरेटर म्हणजे थिएटरात मशीनवर सिनेमा चालवणारा. ते थिएटर पडून जमाना झाला. याच्याकडे उरलं काय, तर पलंगाखाली एक छोटा प्रोजेक्टर आणि डब्यात सात मिनिटांचं गाण्याचं कार्टून. नात कॉलेजात कार्टून काढायला शिकत होती. जुनं कार्टून आजच्या माणसाला रुचतं का, ते तिला लिहून द्यायचं होतं. म्हाताऱ्याची छाती अशी फुगली की विचारू नका. त्या काळी थिएटर कसं दणाणायचं, त्याला साक्षीदार हवा, म्हणून त्यानं जुन्या डोअरकीपरलाही बोलावलं. त्याला सगळे किटलीच म्हणायचे.

भर दुपारी पडदे ओढले, भिंतीवर चादर ठोकली. मशीन घरघरलं. चादरीवर पळ्या, झारे, तवे उठून नाचायला लागले. चाल कशी, लोण्यासारखी. नात खुर्चीच्या टोकावर आली. हे सगळं हातानं काढलंय, एकेक चित्र? म्हातारा मिशीत हसला.

मग किटली गायला आली. झाकण अडकलेलं, म्हणून तोतरी. ती अडखळली की बाकीची भांडी पोट धरून लोळायची. तिथं म्हाताऱ्याला काहीतरी आठवलं आणि तोंडचं पाणीच पळालं. पण रीळ काय कुणासाठी थांबतंय?

किटलीचा तुकडा संपला. मशीनमध्ये खट्ट झालं, आणि तोच तुकडा पुन्हा सुरू.

"आजोबा, हे दोनदा का?"

प्रिंट खराब आहे म्हणून सांगायला त्यानं तोंड उघडलं, तर डोअरकीपर आधी बोलला.

"जो-जोडलंय. तुझ्या आ-आजोबानं."

खरं होतं ते. दुसऱ्या फाटक्या प्रिंटमधून तुकडा कापून यानंच चिकटवला होता. किटली आली की हा आवाजही वाढवायचा. दाराशी टॉर्च घेऊन तोतरा डोअरकीपर उभा. लोक पडद्याकडे कमी आणि दाराकडे जास्त बघून हसायचे. नाव पडलं ते तिथंच.

नातीनं आवाज बंद केला. भांडी मुक्यानंच लोळत राहिली. नाच अजून ताजा आहे, म्हणाली, पण याला हसू येत नाही मला. मग तिनं विचारलं, "आजोबा, यांचं खरं नाव काय?"

तीस वर्षं एका डब्यात जेवले होते दोघं. म्हाताऱ्याला नाव ठाऊक नव्हतं. तो खाली बघत उठला आणि तो तुकडा कापायला कात्री घेऊन आला.

"रा-राहू दे," डोअरकीपर म्हणाला. "का-कापलंस तरी मी ऐकलंय ते."

मग त्यानं नातीकडे वळून आपलं नाव सांगायला घेतलं. पहिल्याच अक्षरावर अडकला. म्हाताऱ्याचे ओठ सवयीनं शब्द पुरवायला हलले, पण पुरवणार काय? कात्री हातात धरून तो नुसता उभा राहिला, नाव पुरं होईपर्यंत.

तो डोअरकीपर अजून कोपऱ्यावरच्या बाकावर बसतो. तुम्हाला भेटला तर त्याला किटली म्हणू नका. नाव विचारा, आणि त्याचं सांगून होईपर्यंत थांबा. तेवढं करा माझ्यासाठी.