तात्याबाचं मुसकं

दिंद्रुडच्या बाजारात तात्याबाच्या मेंढरांपेक्षा त्याच्या मिशीचं कौतुक जास्त व्हायचं. साठी उलटली तरी गालापर्यंत वळवलेली, रोज सकाळी तेल लावून पीळ दिलेली ती मिशी आयुष्यात दोनदाच उतरली होती. एकदा बाप गेला तेव्हा आणि एकदा आई गेली तेव्हा. वस्तीवरची रीतच तशी. मिशी उतरवायची ती आपल्याहून मोठं माणूस गेल्यावर. त्यामुळं कुणाचा वरचा ओठ उघडा दिसला, की रामराम करायच्या आधी माणसं विचारतात, "कोण गेलं?"

धाकटा भाऊ सिदू गेला तेव्हा मिशी राहिली ती या रीतीमुळंच. थोरल्यानं धाकट्यासाठी उतरवायची नसते. सिदूला मुलगा नव्हता, एक लेक होती ती सासरी. मग अग्नी तात्याबाच्या पोरानं, नाथानं दिला, आणि डोईमिशीही त्यानंच उतरवली. सगळं रीतसर झालं, कुणी बोट ठेवावं असं काही राहिलं नाही. पण मसणवाट्यातून परतताना तात्याबाला आपल्याच मिशीची लाज वाटत होती. सिदूला ट्रकनं उडवलं असं गाव म्हणत होतं. तात्याबाला ठाऊक होतं, सिदू गेला तो त्याच्या, तात्याबाच्या झोपेनं.

मेंढरामागं दोन माणसं असली की दुपारचा एक नेम असतो. एकानं पडायचं, दुसऱ्यानं राखायचं, मग उलट. त्या दिवशी सिरसाळ्याच्या अलीकडं, वेचणी संपलेल्या कापसाच्या रानात ऐंशी मेंढरं चरत होती आणि शेजारून डांबरी रस्ता होता. सिदू बाभळीखाली आडवा झाला. पाळी तात्याबाची. तो काठीवर हनुवटी टेकून बसला आणि बसल्या जागी त्याचा डोळा लागला. मेंढरं रस्त्यावर चढली. हॉर्न ऐकून सिदू उठला आणि अनवाणीच धावला. मग ब्रेक लागले, माणसं जमली, आरडाओरडा झाला, कुत्रं भुंकून भुंकून दमलं, आणि तात्याबा आपला काठीवर हनुवटी टेकून घोरत होता. शेवटी कुणा अनोळखी माणसानं त्याला दंडाला धरून हलवलं. "म्हातारबा, ही मेंढरं तुमची का?" एवढंच तो माणूस म्हणाला. हे वाक्य तात्याबाच्या डोक्यातून नंतर कधी गेलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं तरी बरं. दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. सगळी भावकी श्वास धरून बसली होती, बायका मागं दगडांवर बसल्या होत्या. त्या शांततेत घोरण्याचा आवाज आला. साखराबाईनं, म्हणजे तात्याबाच्या बायकोनं, लगबगीनं पुढं येऊन नवऱ्याला हलवलं, पण तोवर ज्यानं त्यानं बघायचं ते बघून घेतलं होतं. सिदूची बायको बबिता हिनंही बघितलं. थोरल्या दिराशी ती पहिल्यापासून पदर पुढं ओढून, बेतानंच बोलायची. त्या दिवसापासून तिनं तेही सोडलं. एकाच अंगणात दोन चुली, आणि मधे आठ महिने एक शब्द नाही.

तात्याबाच्या हातातली काठी नाथानं काढून घेतली. न भांडता, न बोलता घेतली, म्हणून ती जास्त लागली. नाथा परळीला एका पेट्रोल पंपावर कामाला. बिनपगारी रजा टाकून तो मेंढरं राखू लागला, आणि त्यानंच बापाला अंबाजोगाईला मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. तिथं अंगाला वायरी लावून तात्याबाला एक रात्र झोपवलं. सकाळी डॉक्टर म्हणाले, "बाबा, झोपेत तुमचा श्वास बंद पडतो. तासाला बेचाळीस वेळा. रात्रभर तुम्ही पडून असता, पण तुमची झोप होतच नाही. म्हणून दिवसा ती तुम्हाला गाठते. हे दुखणं आहे, यात तुमचा दोष नाही."

"पाळी माजी व्हती, डाक्टर," तात्याबा म्हणाला.

डॉक्टरांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी मशीन लिहून दिलं.

मशीन घेऊन सायली नावाची मुलगी वस्तीवर आली. शिवणयंत्राच्या पेटीएवढं खोकं, त्याला लांब नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसवायचा रबरी मास्क आणि डोक्यामागून आवळायचे पट्टे. मशीन हवा फुंकणार, त्या हवेनं घसा उघडा राहणार, म्हणजे श्वास अडणार नाही. तोंड मिटून नाकानं श्वास घ्यायचा, आणि नाक कोरडं पडू नये म्हणून रोज झोपण्याआधी मशीनच्या डबीत पाणी भरायचं. सकाळी मशीनवर एक चेहरा दिसेल. मास्क नीट बसला असेल तर हसरा, हवा गळत असेल तर रडका. वस्तीवरची वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून नाथानं बॅटरीही आणून जोडली.

पहिल्या रात्री तात्याबानं अर्ध्या तासात मास्क ओढून फेकला. नाकात कुणी मूठ घालतंय असं त्याला वाटलं. "माती खाणाऱ्या कोकराला मुसकं बांधत्यात," तो साखराबाईला म्हणाला, "तसं मला बांधलंय. बराबर हाय. म्या तर भावाला खाल्लं."

"तोंड सांबाळा जरा," साखराबाई म्हणाली. पण तिचे डोळे भरून आले होते.

मशीन आलं त्याच आठवड्यात बबितानं जावेकडून निरोप धाडला. धाडला कसला, तात्याबा ओसरीत बसलेला असताना अंगणातून त्याला ऐकू जाईल असाच सांगितला. "आक्का, माजी चाळीस मेंढरं म्या इकणार. नाथा तरी किती दिस रजा काढंल? राखाय मानूस न्हाई. हनुमान येपारी अमुशा झाली की गाडी घेऊन येतो म्हनलाय."

ऐंशीतली ती चाळीस सिदूची. चांगली मेंढी कोणती आणि काढून टाकावी अशी कोणती, हे सिदूला बघताक्षणी कळायचं. वीस वर्षं निवडून निवडून त्यानं तो कळप केला होता, आणि एकेकीच्या कानात निळा दोरा घातला होता. ती पिकअपमध्ये भरली गेली की सिदूचं म्हणून त्या वस्तीवर काही उरणार नव्हतं. तात्याबाच्या तोंडावर शब्द आले होते, ठेव, म्या राखतो. पण ज्याला एक दुपार जागता आलं नाही त्यानं हे कुठल्या तोंडानं म्हणायचं? अमावास्येला सोळा दिवस होते.

त्या दिवसापासून तो मशीनच्या मागं लागला. सायलीनं सांगितलं होतं, आधी दिवसा जागेपणी लावून सवय करा. दुपारी जेवण झालं की तो ओसरीत मास्क लावून बसायचा आणि हातातली चाती फिरवत लोकर कातायचा. सूत निघायला लागलं की नाकातल्या हवेचा विसर पडायचा. वस्तीवरची पोरं रांगेनं येऊन बघून जायची. एकानं तर विचारलं, "आज्जा, इमान चालवतूस का?" तात्याबाला बोलता येईना, त्यानं चातीच उगारली.

पण सकाळी चेहरा रडका. रोज रडका. हवा मिशीतून फुसफुस करत निसटायची आणि थेट डोळ्यात जायची. तात्याबानं त्यावर आपल्या परीनं इलाज केला. मुसकं सैल झालं की आवळायचं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. त्यानं पट्टे इतके आवळले की नाकाच्या हाडावर जखम झाली. मग मिशी चापून बसावी म्हणून तिला तूप चोपडलं, तर मास्क रात्रभर गालावर घसरत राहिला. चौथ्या दिवशी काततानाच त्याची मान पडली आणि चाती ओसरीखाली गेली. बबिता अंगणात ज्वारी निवडत बसली होती. तिनं चाती उचलली, ओसरीच्या कडेला ठेवली आणि सूप घेऊन आत गेली.

सायली पुन्हा आली, तिनं बोटानं चाचपून बघितलं. "बाबा, मिशीमुळं हवा गळतेय. मिशी काढा, नाहीतर मी वेगळ्या धाटणीचा मास्क मागवते. वीस-पंचवीस दिवस लागतील."

"तवर अमुशा हुती," तात्याबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो दिंद्रुडला धोंडीरामच्या दुकानात जाऊन बसला. तीस वर्षं त्याची दाढी करणारा धोंडीराम. मिशी उतरव म्हटल्यावर त्याचा हात थांबला. त्यानं आरशातूनच विचारलं, "कोण गेलं, तात्या?" तात्याबाला सांगता आलं असतं, दुखण्यासाठी उतरवतोय, मशीन बसत नाही. अगदी साधं उत्तर होतं. ते त्याच्या तोंडून निघेना, आणि दुसरं उत्तर काढायची छाती होईना. त्यानं डोळे मिटून घेतले. धोंडीरामनं पुढं काही न विचारता वस्तरा चालवला.

घरी येताना त्यानं उपरणं तोंडावरून गुंडाळलं होतं, पण एका अंगणात किती लपणार? बबितानं बघितलं. साखराबाईनं घाईघाईनं सांगून टाकलं, "मशीनसाटी काडली गं. हवा गळत व्हती."

"काडली व्हय," बबिता म्हणाली. "सोताच्या झोपंसाटी निघाली." आणि तिनं चुलीत काटकी सरकवली. तात्याबा भिंतीच्या अलीकडं उभा होता. त्याला सगळं ऐकू आलं, आणि त्यात खोटं काय होतं ते त्याला सापडेना.

दुसऱ्या सकाळी चेहरा हसरा. पुढच्या सकाळी, त्याच्या पुढच्या सकाळीही. साखराबाई घोरण्याच्या आवाजात तीस वर्षं झोपलेली बाई, ती पहिले दोन दिवस उठून उठून नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून बघत होती. तात्याबाच्या डोक्यावरचं दडपण उतरत गेलं. दुपारी सूत कातताना मान पडेना. लांबून येणारं माणूस चालीवरून ओळखू येऊ लागलं. कितीतरी वर्षं आपण धुक्यातून बघत होतो, हे त्याला आता धुकं गेल्यावर कळलं.

पण धुकं गेलं आणि सिदू दिसला. आठ महिने त्या दुपारचं त्याला फक्त ते अनोळखी माणसाचं वाक्य आठवत होतं. आता बाकीचंही येऊ लागलं. आडवं होताना सिदूनं पटका उशाला घेतला होता. "दादा, त्या खोडील मेंढीकडं ध्यान ठिवा," असं म्हणाला होता. आणि वहाणा बाभळीखाली जोडीनं ठेवल्या होत्या, त्या नंतर नाथानं आणल्या. सातव्या की आठव्या दिवशी चाती फिरवता फिरवता तात्याबाला रडू फुटलं. मसणात न आलेलं, दहाव्याला न आलेलं रडू. मास्कमध्ये नाक भरलं, श्वास कोंडला, तेव्हा त्यानं तो काढून मांडीवर ठेवला आणि लहान पोरासारखा रडला. साखराबाई जवळ येऊन बसली. तिनं गप करायचा प्रयत्न केला नाही, हे तिचं शहाणपण.

अमावास्या झाली. मंगळवारी दुपारी हनुमान पिकअप घेऊन आला. नाथानं निळ्या दोऱ्याची मेंढरं वेगळी काढून वाघुरीच्या जाळीत कोंडली होती. बबिता पदर कपाळापर्यंत ओढून दारात उभी होती. हनुमान हात पुसत अंगणात आला, तात्याबाकडं बघितलं आणि जागीच थबकला.

"आरं! तात्या, कोण गेलं वो? आमाला कसं कळलं न्हाई?"

"मशीनसाटी..." साखराबाईनं सुरुवात केली. तात्याबानं हात वर करून तिला थांबवलं.

"सिदू गेला," तो म्हणाला.

हनुमान गोंधळला. त्यानं नाथाकडं बघितलं, परत म्हाताऱ्याकडं. "सिदूला तर आठ म्हैनं झालं की वो. आन धाकट्यासाटी थोरला कावून उतरवंल?"

"झालं आठ म्हैनं. तवा म्या झोपंत व्हतो." तात्याबानं उघडा ओठ झाकला नाही. "पाळी माजी व्हती, हनुमान. राखायचं म्या व्हतं. आता जाग आल्यावर उतरवली."

जाळीतली एक मेंढी शिंकली. नाथा खाली बघत राहिला. हनुमानानं पागोट्याचा शेव हातात घेतला, सोडला, आणि शेवटी बबिताकडं बघितलं, कारण मेंढरं तिची होती.

बबिता दारातून पुढं आली. "हनुमानभाऊ, च्या घ्या आन जावा. मेंढरं इकायची न्हाईत."

मग ती वळली. पदर डोईवरच होता, पण तोंड तात्याबाकडं होतं. सिदू गेल्यापासून त्या अंगणात त्याला कुणी 'दादा' म्हटलं नव्हतं.

"दादा," ती म्हणाली, "आज येरवाळी, दिवेलागणीलाच जेवा आन मशीन लावून झोपा. सकाळी मेंढरं सोडायचीत. म्या संगं येते." तिनं डोईवरचा पदर नीट केला. "दुपारच्याला आधी म्या पडंन. पाळी तुमची."

तात्याबानं मान हलवली. नाथा जाळी सोडवायला गेला. साखराबाईनं चहाला आधण ठेवलं. रात्र व्हायला अजून अवकाश होता, तरी तात्याबा उठून आत गेला आणि त्यानं मशीनच्या डबीत पाणी भरून ठेवलं.